टीबीच्या जनुकांतले बदल वाचायला शिकताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी टीबीच्या लॅबमध्ये गेले तेव्हा मला वाटायचं, औषधामुळे जंतूत म्युटेशन (जनुकात बदल) होतं. तसं नसतं. डीएनएची नक्कल होताना चुका होतच असतात, औषध असो वा नसो. साधारण दहा लाख जंतूंत एक आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला आधीच दाद देत नसतो, रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाला दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात, तो उरतो आणि वाढतो. सुरुवातीला चार औषधं एकत्र का देतात, ते या हिशोबातून मला खऱ्या अर्थाने कळलं.

सिक्वेन्सिंगचा (डीएनएतली अक्षरं क्रमाने वाचण्याचा) पहिला निकाल हातात आला आणि मी घाबरले. जायर-ए जनुकात ९५व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन, आणि तेही सगळ्याच नमुन्यांत! लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही टीबीची औषधं याच जनुकाच्या प्रथिनावर काम करतात. गाईडनी शांतपणे समजावलं: आपण तुलना करतो ती एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतल्या जंतूशी, ज्याचा जीनोम (संपूर्ण डीएनए) १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. या जागी तोच वेगळा आहे, रुग्णांमधले जवळपास सगळे जंतू थ्रिओनिनवालेच. प्रतिरोध (औषधाला दाद न देणं) बघायचा तर ९० आणि ९४ या जागा बघायच्या. तेव्हापासून प्रत्येक बदल जागतिक आरोग्य संघटनेच्या म्युटेशन कॅटलॉगमध्ये तपासल्याशिवाय मी वहीत ‘प्रतिरोधक’ असं लिहीत नाही. तुम्हीही हीच सवय लावा. कॅटलॉगची २०२३ची दुसरी आवृत्ती वापरा.

आकड्यांचा एक घोळ तुम्हालाही नक्की भेटेल. रिफाम्पिसिनसाठी आरपीओ-बी जनुक बघताना जुन्या पेपरात ५३१वी जागा लिहितात, नव्यात ४५०. जागा एकच. जुनी मोजणी ई. कोलाय या दुसऱ्या जंतूच्या जनुकावरून आहे; ८१ वजा करा.

आयसोनियाझिडमध्ये मात्र मन रमतं. हे औषध जंतूच्या स्वतःच्या कॅट-जी एन्झाइमने जागं होतं. एन्झाइम पूर्ण गेलं तर औषधापासून सुटका होते, पण जंतूचं संरक्षणही जातं. ३१५व्या जागी थ्रिओनिन आलं की औषध जागं होत नाही आणि एन्झाइमचं बरंचसं काम चालू राहतं. म्हणूनच हा बदल इतक्या नमुन्यांत दिसतो.

कॅट-जी स्वच्छ दिसलं तरी थांबू नका. इन-एच-ए जनुकाच्या आधीचा प्रमोटर, म्हणजे जनुक किती चालायचं ते ठरवणारा डीएनएचा भाग, बघा. तिथे उणे १५व्या जागी डीएनएतल्या सी या अक्षराचा टी झाला असेल, तर औषधाचं लक्ष्य असलेलं प्रथिनच जास्त तयार होतं. हा प्रतिरोध बहुधा कमी पातळीचा असतो, पण इथिओनामाइड हे औषधही त्याच प्रथिनावर काम करतं. रिपोर्टमध्ये दोन्ही औषधांची नोंद करा.