फ्लॉरेन्समध्ये एका दिवसात इटालियन फॅशनचा इतिहास बघायचाय? मग दुकानं शेवटी ठेवा

पहिली गोष्ट, सोमवारी जाऊ नका. उफीझी हे चित्रांचं म्युझियम आणि पिट्टी पॅलेस हा जुना राजवाडा, दोन्ही बंद असतात, मी हे दारात जाऊन शिकलोय. दुसरी गोष्ट, उठल्याउठल्या तोर्नाबुओनी रस्त्यावर ब्रँडच्या काचा बघत फिरू नका, कारण त्या काचेमागच्या मालाला 'इटालियन' हे नाव कसं चिकटलं ते आधी कळलं की नंतर फिरायला दुप्पट मजा येते. इटली हा देशच मुळात १८६१ सालचा, त्याआधी कापड फ्लॉरेन्सचं असायचं, व्हेनिसचं असायचं, जो तो आपापल्या गावाचा. इटालियन फॅशन हे प्रकरण तर त्याहून उशिराचं, आणि लोकांनी मुद्दाम खटपट करून उभं केलेलं.

सकाळी उफीझी. सगळं बघायला जाल तर पाय तुटतील आणि डोक्यात काहीच राहणार नाही, आपल्या कामाचं एकच चित्र, ब्रोन्झिनोने १५४५ च्या सुमाराला काढलेली एलिओनोरा, म्हणजे फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या ड्यूकची बायको, आणि तिचा मुलगा. चेहऱ्याकडे नंतर बघा, आधी ड्रेस. पांढऱ्या सॅटिनवर काळ्या मखमलीची वेलबुट्टी, मध्ये सोनेरी डाळिंब, वेटोळ्यांसारखी विणलेली सोन्याची तार, हे सगळं ब्रशने काढलंय यावर विश्वास बसत नाही. रेशीम आणि लोकर हा या शहराचा धंदा होता, म्हणजे हे चित्र राजघराण्याचं आहे तसंच शहराच्या मालाची जाहिरातही आहे असं मला तरी वाटतं. आणि गंमत म्हणजे बाई मूळची स्पॅनिश.

मग पोन्ते वेक्यो पूल ओलांडून चालत पिट्टी पॅलेस. इथल्याच तिकिटात फॅशन म्युझियम येतं, लोक ते सोडून बागेत पळतात, तुम्ही पळू नका. एलिओनोराला ज्या कपड्यांत पुरलं त्यांचे अवशेष याच म्युझियमच्या संग्रहात आहेत (चित्रातलाच ड्रेस घालून पुरलं अशी समजूत कितीतरी वर्षं होती, कबरीतला निघाला वेगळाच). मांडणी बदलत असते म्हणून काउंटरवर आधी विचारून घ्या. रोझा जेनोनीचं कामही विचारा. ही शिवणकामातून वर आलेली बाई, पॅरिसमध्ये राहून आलेली, तिला दिसलं की मिलानच्या टेलर बायका नुसत्या पॅरिसच्या कॉप्या मारतायत. तिने १९०६ च्या मिलान प्रदर्शनात पिसानेल्लो आणि बोत्तिचेल्ली या जुन्या इटालियन चित्रकारांच्या चित्रांवरून कपडे करून मांडले, बक्षीसही मिळालं, पण गिऱ्हाइकं पॅरिसवरच खूश.

पुढे मुसोलिनीने तेच काम दांडगाईने करायला घेतलं. तोरिनोला सरकारी फॅशन खातं काढलं, फॅशनमधले फ्रेंच शब्द हटवायला खास डिक्शनरी छापली, आणि दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनापासून 'लानिताल' नावाची लोकर केली, हो, दुधापासून!

खरं जमलं ते याच पॅलेसमध्ये. जोर्जीनी नावाचा माणूस अमेरिकन दुकानांना इटालियन वस्तू पाठवायचा. त्याने १२ फेब्रुवारी १९५१ ला आपल्या घरीच शो ठेवला, पॅरिसच्या शोंसाठी युरोपात आलेल्या अमेरिकन खरेदीदारांपैकी थोड्यांना पटवून तिकडे आणलं, आणि डिझायनरांना अट एकच, पॅरिसची नक्कल चालणार नाही. पुढच्या वर्षी, जुलै १९५२ मध्ये, शो थेट पिट्टीच्या साला बियांकामध्ये. हा पांढरा हॉल उघडा असेल तर मधोमध उभं राहून वर झुंबरं बघा. मेदिचींच्या राजवाड्यात बसवून ड्रेस दाखवला की गिऱ्हाईक ड्रेसबरोबर रेनेसान्सपण विकत घेतं, हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

संध्याकाळी सांता त्रिनिता पुलावरून परत या, पुलाच्या टोकालाच फेरागामोचं म्युझियम. इथे बुटांच्या डिझाइनपेक्षा तळ बघा. इथिओपियावर हल्ला केला म्हणून १९३५ मध्ये इटलीवर निर्बंध आले, आणि टाच नि चवडा यांच्यामधल्या कमानीला आधार देणारी चांगली स्टीलची पट्टी मिळेना. फेरागामोने ती पोकळीच सार्डिनियाच्या बुचाने भरून टाकली, झाली वेज हील तयार! वरच्या भागाला चॉकलेटच्या वेष्टनाचा सेलोफेन. आज आपल्याकडे लग्नात निम्म्या बायका ज्या हिल्स घालतात त्यांचं मूळ या टंचाईत आहे.

आता बाहेर पडा, तोर्नाबुओनी समोरच आहे. आत शिरलात तर लेबल वाचा. 'मेड इन इटली' म्हणजे सगळं तिथेच झालं असं नाही, शेवटचं महत्त्वाचं काम तिथे झालं तरी तो शिक्का बसू शकतो. 'शंभर टक्के' असं लिहायचं तर २००९ च्या इटालियन कायद्याप्रमाणे डिझाइनपासून पॅकिंगपर्यंत सगळं इटलीतच व्हायला लागतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता उतरवल्या, तेव्हा आपल्याकडे जो आरडाओरडा झाला तो आठवा, मालाला गावाचं नाव लागणं न लागणं केवढ्याला पडतं ते लगेच कळेल. बाकी तुम्ही स्वतः मात्र स्पोर्ट्स शूजच घाला, इथल्या दगडी रस्त्यांवर कोल्हापुरी दुपारपर्यंत चावायला लागते.