स्थानिक अ‍ॅपना हातभार लावताना मोबाइल कंपन्या कुठे चुकतात? या चुका टाळा

मोबाइल कंपनीचं हॅकेथॉन, म्हणजे थोड्या वेळात अ‍ॅप बनवायची स्पर्धा, होतं. टी-शर्ट वाटले जातात, भलामोठा पुठ्ठ्याचा चेक हातात धरून फोटो निघतात. सहा महिन्यांनी जिंकलेल्या पोरांना विचारावं, अ‍ॅपचं काय झालं? उत्तर ठरलेलं: ‘ग्राहकाच्या मोबाइल बिलातून किंवा बॅलन्समधून पैसे घ्यायची मंजुरी अजून आली नाही.’

मी बराच काळ अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या बाजूने आणि थोडा काळ टेबलाच्या पलीकडून हा खेळ पाहिला आहे. मोबाइल कंपनीकडे, म्हणजे सिम आणि नेटवर्क देणाऱ्या कंपनीकडे, इच्छा नसते असं नाही. पण डेव्हलपरला जे दुसरीकडे मिळतंच ते ती उत्साहाने देते, आणि जे फक्त तिच्याकडे आहे ते कुलपात ठेवते. खालच्या बहुतेक चुका यातूनच निघतात.

स्वतःचं अ‍ॅप-दुकान थाटणं

जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर साधारण ५०० अ‍ॅप घेऊन उघडलं आणि मोबाइल कंपन्यांचे डोळे फिरले. ग्राहक आपला, नेटवर्क आपलं, मग दुकान दुसऱ्याचं का? व्होडाफोनने २००९ मध्ये ‘३६०’ आणलं, २०११ मध्ये गुंडाळलं. फेब्रुवारी २०१० मध्ये बार्सिलोनाला २४ कंपन्यांनी एकत्र येऊन ‘होलसेल अ‍ॅप्लिकेशन्स कम्युनिटी’ जाहीर केली: एकदा अ‍ॅप लिहा, सगळ्यांच्या ग्राहकांना विका. २०१२ मध्ये तीही संपली.

कारण गूढ नाही. ग्राहक सिम बदलतो, पण सिमबरोबर घेतलेली अ‍ॅप बदलायला तयार नसतो. आणि चार माणसांच्या चमूला आणखी एका दुकानासाठी वेगळी आवृत्ती, वेगळी तपासणी, वेगळे स्क्रीनशॉट झेपत नाहीत. दक्षिण कोरियातलं ‘वन स्टोअर’ हा ठळक अपवाद. तिथे तीन प्रतिस्पर्धी मोबाइल कंपन्या आणि तिथली इंटरनेट कंपनी नेव्हर यांनी २०१६ मध्ये आपापली दुकानं एकत्र केली, आणि २०१८ मध्ये कमिशन ३० टक्क्यांवरून २० वर आणलं. ते टिकलं मुख्यतः गेम्सच्या जोरावर. तुमच्याकडे तशी एकजूट आणि तसे गेमर नसतील तर या वाटेला जाऊ नका.

(नव्या फोनमध्ये स्थानिक अ‍ॅप आधीच भरून देणं ही याच चुकीची धाकटी बहीण. आकडा फुगतो, वापर होत नाही.)

वाटा मोठा, पैसे उशिरा

जपानमध्ये एनटीटी डोकोमोने फेब्रुवारी १९९९ मध्ये आय-मोड ही मोबाइल इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा ग्राहकाच्या बिलातून पैसे गोळा करून द्यायचे कंपनी ९ टक्के घेत असे. बाकीचे ९१ सेवा देणाऱ्याचे. शिवाय अधिकृत यादीत नसलेल्या साइटही ग्राहकाला उघडता येत. छोट्या लोकांची झुंबड उडाली त्यात नवल नाही. याउलट रिंगटोनच्या जमान्यात कित्येक ठिकाणी मोबाइल कंपनी निम्म्याहून जास्त वाटा ठेवून घ्यायची, आणि त्या काळचे करारनामे अजून काही कपाटांत जिवंत आहेत.

पण टक्क्यांपेक्षाही डेव्हलपरला बुडवतं ते हिशेबाचं धुकं. लक्षण ओळखू येतं: अ‍ॅपच्या नोंदीत १,००० व्यवहार, कंपनीच्या नोंदीत ८४०, आणि मधले १६० कुठे गेले ते कोणीच सांगत नाही. बहुतेक वेळा तीन गोष्टी एकाच ‘फेल’ या शब्दाखाली कोंबलेल्या असतात: बॅलन्स अपुरा, क्रमांकावर ही सेवा बंद, किंवा उत्तर यायला उशीर. तिन्हींवर उपाय वेगळे. बॅलन्स नसेल तर रिचार्जनंतर पुन्हा विचारता येतं, सेवा बंद असेल तर विचारण्यात अर्थ नाही. तिसरा प्रकार सगळ्यांत घातक, कारण पैसे कापले गेलेले असतात, फक्त निरोप पोचलेला नसतो. अ‍ॅप पुन्हा प्रयत्न करतं आणि ग्राहकाचे दोनदा पैसे जातात. शिव्या मात्र अ‍ॅपला बसतात.

पैसे कापायच्या प्रत्येक मागणीबरोबर डेव्हलपरला त्या व्यवहाराचा स्वतःचा क्रमांक पाठवू द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे न कापता आधीचंच उत्तर परत द्या. अपयशाची कारणं वेगवेगळ्या कोडने सांगा, आणि हिशेब महिन्याच्या पीडीएफमध्ये न देता रोजच्या फाइलमध्ये द्या.

‘आमचं नेटवर्क कसं चालतं’ हे गुपित ठेवणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक ही, आणि दुरुस्तीला सगळ्यांत स्वस्तही हीच.

तक्रार येते: ‘चॅट अ‍ॅप वायफायवर नीट चालतं, मोबाइल डेटावर काही मिनिटं गप्प राहिलं की तुटतं.’ डेव्हलपर आठवडाभर स्वतःचा कोड चाळतो. दोष असतो कंपनीच्या एनएटी या पत्ते बदलणाऱ्या यंत्रणेत. हजारो ग्राहक एका आयपी पत्त्याआड बसवलेले असतात आणि शांत जोडण्या तिथे लवकर छाटल्या जातात. आरएफसी ५३८२ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज सांगतो की जोडलेली टीसीपी (पोचपावती घेणारी) जोडणी किमान २ तास ४ मिनिटं राखावी. यूडीपीसाठी (पोचपावती न घेणाऱ्या पद्धतीसाठी) आरएफसी ४७८७ मध्ये किमान २ मिनिटं आणि शिफारस ५ मिनिटांची आहे. तुमची मर्यादा याहून कमी असेल तर बदला. बदलता येत नसेल तर निदान आकडा छापा. तो माहीत नसल्यामुळे अ‍ॅप दर मिनिटाला ‘मी आहे’ म्हणत राहतं, फोनची बॅटरी उतरते आणि तुमच्या टॉवरवर फुकटचा भार पडतो.

तसंच आयपीव्ही६ चं, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचं. फक्त आयपीव्ही६ देणाऱ्या नेटवर्कवर, कोडमध्ये जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता थेट लिहिलेलं अ‍ॅप मुकं होऊ शकतं. अ‍ॅपलने १ जून २०१६ पासून अशा नेटवर्कवर चालण्याची अटच घातली. पण छोट्या डेव्हलपरला ते तपासायचं कुठे? एक चाचणी सिम आणि एक चाचणी एपीएन (फोनने कोणत्या वाटेने इंटरनेटला जोडायचं ती सेटिंग) द्या, काम भागेल.

आणि ओटीपी. लॅटिन लिपीतल्या साध्या एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरीसारख्या लिपीतलं एक जरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते, आणि लांब संदेशाचे ६७-६७ चे तुकडे पडून तितके पैसे लागतात. काना-मात्राही त्या ७० मध्येच मोजल्या जातात. त्यात अँड्रॉइडला ओटीपी आपोआप वाचता यावा म्हणून संदेशात ११ अक्षरांचा सांकेतिक शब्द घालावा लागतो आणि अख्खा संदेश १४० बाइट्समध्ये बसवावा लागतो. स्थानिक भाषेत अ‍ॅप आणणाऱ्याला हे कोणी आधी सांगत नाही. वर कंपनीची स्पॅम चाळणी तो सांकेतिक शब्द निरर्थक समजून संदेश अडवते. ‘ओटीपी येतो पण आपोआप भरला जात नाही’ किंवा ‘काहींना येतच नाही’ अशी तक्रार असेल तर आधी संदेशाची लांबी मोजा, मग चाळणीचे नियम बघा.

नेहमी ‘यशस्वी’ म्हणणारा सँडबॉक्स

सँडबॉक्स म्हणजे खरे पैसे न हलवता तपासणी करायची जागा. तिथे दिलेला एपीआय (कंपनीच्या यंत्रणेशी बोलायचा जोडमार्ग) काहीही पाठवलं तरी ‘सक्सेस’ म्हणत असेल तर तो नसलेला बरा. बॅलन्स संपलेला ग्राहक, बंद क्रमांक, ३० सेकंद लटकलेलं उत्तर, हे सगळं तिथे मुद्दाम घडवता आलं पाहिजे. आणि सँडबॉक्सचा दरवाजा करारावर सही होण्याआधी उघडा. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली. बाहेरच्या डेव्हलपरने स्वतः नोंदणी करून वापरावं असं ‘दराजा’ पोर्टल यायला २०१७ उजाडलं. दराजा म्हणजे स्वाहिलीत पूल. मधल्या काळात लोकांनी आडवाटेने जोडण्या केल्याच, त्रास सोसून.

ग्राहकाचा क्रमांक गुपचूप वाटणं

डेव्हलपरला सोय म्हणून वेब विनंतीत ग्राहकाची ओळख घुसडणं ही जुनी सवय. अमेरिकेतल्या व्हेरायझन या मोबाइल कंपनीने प्रत्येक विनंतीला न पुसता येणारी खूण चिकटवली होती. त्यापायी मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामक एफसीसीने १३.५ लाख डॉलरचा दंड केला. शिवाय एचटीटीपीएसमध्ये (साइटशी होणाऱ्या कुलूपबंद जोडणीत) ही युक्ती चालत नाही, म्हणजे ‘काल चालत होतं, आज नाही’ ही तक्रारही यातूनच.

आता बरा मार्ग आहे. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमएने फेब्रुवारी २०२३ मध्ये २१ कंपन्यांसह ‘ओपन गेटवे’ जाहीर केलं: क्रमांक पडताळणी, सिम नुकतं बदललंय का, अशा गोष्टींसाठी सगळ्या कंपन्यांत सारखे एपीआय. एक खाच मात्र डेव्हलपरला ठळक सांगा. क्रमांक पडताळणी सहसा मोबाइल डेटावरूनच होते. फोन वायफायवर असेल तर अ‍ॅपने ती एक विनंती मुद्दाम मोबाइल डेटावरून पाठवावी, आणि तरी जमलं नाही तर ओटीपीची वाट ठेवावी.

फुकट डेटाचं आमिष

ठरावीक अ‍ॅपला डेटा मोफत देणं आकर्षक वाटतं. आधी कायदा बघा: भारतात दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये आशयानुसार वेगळे दर लावायला मनाई केली. कायदा आड येत नसेल तिथेही घोळ होतो. तुम्ही अ‍ॅपचा एक डोमेन मोफत करता, पण त्यातली चित्रं सीडीएनवरून (आशय पुरवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवरून) आणि नकाशे तिसरीकडून येतात. ‘मोफत’ म्हणून उघडलेल्या अ‍ॅपने बॅलन्स खाल्ला की ग्राहक दोघांवरही रुसतो.

सगळं ठीक आहे असं वाटत असेल तर एक प्रयोग करा. आपल्याच एका कर्मचाऱ्याला ओळख न सांगता बाहेरचा डेव्हलपर म्हणून नोंदणी करायला लावा आणि पहिला खरा व्यवहार होईपर्यंतचे दिवस मोजा. एका ठिकाणी हा प्रयोग झाला तेव्हा मी तिथे होतो. मोजणी सुरूच झाली नाही. तिसऱ्या फॉर्ममध्ये फॅक्स क्रमांक भरणं सक्तीचं होतं.