मोजणाराही चुकतो: क्वांटममध्ये शिरताना मी खाल्लेली माती

नाशिकमध्ये बसून क्वांटम एरर करेक्शन, म्हणजे क्वांटम संगणकातल्या चुका पकडून दुरुस्त करणं, शिकता येतं का, असं मला जो तो विचारतो. येतं. मी गंगापूर रोडच्या भाड्याच्या खोलीत, साध्या लॅपटॉपवर एमएस्सीचं प्रोजेक्ट केलं. स्टिम (चुकांसकट क्वांटम सर्किटची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) आणि पायमॅचिंग (मोजणीवरून चूक कुठे झाली ते ओळखणारा डीकोडर) दोन्ही फुकट मिळतात. दोन नावं आधी सांगतो. ट्रान्समॉन म्हणजे अतिवाहक सर्किटचा क्यूबिट, क्वांटम संगणकाचा बिट. सरफेस कोड म्हणजे एका लॉजिकल क्यूबिटची माहिती जाळीतल्या अनेक डेटा क्यूबिटवर पसरवायची आणि मधल्या मोजणाऱ्या क्यूबिटनी चुकीची खूण (सिंड्रोम) टिपायची; जाळी किती मोठी ते डिस्टन्स सांगतो. आता थेट माझ्या घोळावर येतो.

डेटा क्यूबिटवर चुका टाकल्या, पण मोजणीच्या चुकेचा पॅरामीटर भरलाच नाही. स्टिम तो गुपचूप शून्य धरतं, कुरकुरतही नाही. आलेख असा देखणा आला की काय सांगू! डिस्टन्स ३, ५, ७ च्या रेषा दहा टक्क्यांच्याही पुढे एकमेकींना छेदत होत्या. हा छेद म्हणजे उंबरठा: चुका त्याच्या खाली असतील तरच जाळी मोठी करून फायदा. म्हणजे दर दहा क्यूबिटमागे एक बिघडला तरी कोड वाढवत न्या, काम भागतं! पेढे वाटायचेच बाकी होते. गाईडनी पानं चाळली, "छान" म्हणाले. व्हायवाला एक्स्टर्नलनी एवढंच विचारलं, "सिंड्रोम मोजणारा क्यूबिट कधीच चुकत नाही का हो?"

माझी बोबडी वळली.

सातपूर एमआयडीसीत माझ्या काकांचं लेथचं वर्कशॉप आहे. जॉब मोजण्याआधी ते मायक्रोमीटर मिटवून शून्य बघतात. शंका आली तर तोच जॉब तीनदा मोजतात. लहानपणापासून बघत आलोय, पण डोक्यात शिरलं नव्हतं. मोजणारा क्यूबिटही ट्रान्समॉनच, तितकाच नाजूक. म्हणून मोजणीच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात आणि डीकोडर एका फेरीची दुसरीशी तुलना करतो. निकाल एकदाच उलटून परत जागेवर आला तर बहुधा मोजणी चुकली. उलटला तो तसाच राहिला तर डेटा क्यूबिट बिघडला. मोजणीची चूक धरली की उंबरठा तीन टक्क्यांच्या आसपास येतो. गेटच्या, म्हणजे क्यूबिटवर केलेल्या क्रियांच्या चुकाही धरल्या की जेमतेम एक टक्का. माझे दहा टक्के असे हवेत गेले. मार्कही गेले.

म्हणून "अमुक हजार क्यूबिटची चिप" वाचून भाळू नका. आयबीएमची काँडोर २०२३ मध्येच १,१२१ क्यूबिटची होती. डिसेंबर २०२४ मध्ये गाजली ती गूगलची १०५ क्यूबिटची विलो, कारण डिस्टन्स दोनाने वाढवला की तिची लॉजिकल चूक २.१४ पटीने घटत होती. डिस्टन्स ७ ला दर फेरीला ०.१४३ टक्के. हीच घट टिकली असं धरून दहा लाखांत एक चूक हवी असेल तर डिस्टन्स २७ लागतो, म्हणजे एका लॉजिकल क्यूबिटसाठी १,४५७ खरे क्यूबिट. आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं आठ वर्षांचं लक्ष्य कमाल १,००० क्यूबिटचं आहे. करा हिशेब.

घाबरून पळू नका मात्र. आरएसए-२०४८ ही माहिती गुप्त ठेवणारी कूटपद्धत फोडायला २०१९ च्या अंदाजात दोन कोटी क्यूबिट लागत होते, २०२५ च्या अंदाजात दहा लाखांहून कमी. तिथे चिप बदलली नाही, पद्धत बदलली. तेवढं डोकं लॅपटॉपवरही चालवता येतं. आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, चिप ठेवायच्या वीसएक मिलिकेल्विनच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याला टेकलेल्या फ्रिजमध्ये शेकडो कोअॅक्स केबल उष्णता न नेता कशा उतरवायच्या, हा प्रश्न तुमचाच आहे.

वीकेंड सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका, माझे गेलेत. गाईडचं नाव मोठं नसलं तरी चालेल, तुमचा कोड उघडून बघणारा हवा. पहिल्या भेटीतच कोड दाखवा. सर नुसता आलेख बघून मान डोलवायला लागले तर दुसरा गाईड शोधा.

आणि स्टिमच्या सरफेस कोडला चूक भरायच्या चार जागा आहेत: गेट, रीसेट, मोजणी, फेरीआधीचा डेटा. चारही भरा. मी एकच भरली होती.