गिझरचा काटा शेवटाला नेताय? या चुका टाळा

थंडीत परभणीचा पारा दहाच्या खाली उतरला की आमच्या गल्लीत घरोघरी गिझरचा काटा पार शेवटाला जातो. मीही तेच करायचो. पाणी कढत निघायचं आणि बादलीभर विसण घालत बसायचो.

विसण घातल्याने वीज वाया जात नाही, हे आधी सांगतो. ६० अंशांच्या १५ लिटर पाण्यात २० अंशांचं तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांच्या जवळपास दोन बादल्या होतात. याहून ऊन पाणी अंगाला सोसत नाही. काटा ७५ वर नेला तर तीच टाकी तापवायला ०.७ ऐवजी जवळजवळ १ युनिट लागतं. सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर उरलेलं कढत पाणी टाकीतच निवतं. पैसे जातात ते तिथे. ५० ते ६० पुरे.

रात्रभर गिझर चालू ठेवणं हीसुद्धा तीच चूक. २ किलोवॅटचा गिझर १५ लिटर पाणी वीस-बावीस मिनिटांत तापवतो, मग कशाला?

आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक वेगळीच आहे: पाणी कोमट येतंय म्हणून काटा वाढवणं. बोअरचं पाणी जड. तापलं की त्यातला चुना कॉइलवर बसतो, ६० च्या वर तर झपाट्याने. मागच्या वर्षी मिस्त्रीने आमचा गिझर खोलला, तर कॉइल ओळखू येईना. ज्वारीच्या कणसासारखी फुगलेली, पांढरी. तळातून अंड्याच्या टरफलांसारख्या खपल्या पसाभर निघाल्या.

“काका, तुम्ही पाणी नाही, चुना तापवायलाव,” तो म्हणाला.

पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटची नळी कॉइलशेजारीच असते. दोन्ही चुन्यात गाडली गेली की गिझरचा दिवा लवकर विझतो आणि पाणी कोमटच राहतं. तापताना खडखड आवाज येत असेल तरी हेच समजा. वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्या, तेव्हाच टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय का तेही बघायला सांगा. गिझर वारंवार ट्रिप होत असेल तर कटआउट, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच, काढून ‘डायरेक्ट’ जोडून देणाऱ्या मिस्त्रीला मात्र दारातूनच परत पाठवा.

बिलाच्या धास्तीने काटा ४० वर ठेवणारेही आहेत. तेवढ्या कोमट पाण्यात न्यूमोनिया करणाऱ्या लेजिओनेलासारखे जंतू वाढतात. रोज ५० वर ठेवलंत तरी आठवड्यातून एकदा ६० पर्यंत तापू द्या. त्या दिवशी लेकरांच्या बादलीत आधी विसण, मग गरम. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

एप्रिल लागला की यातलं काहीच नको. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं, तर बंद गिझरमध्ये सकाळी भरलेलं पाणी त्यामानाने गार असतं. उन्हाळ्यात आम्ही गिझरचंच पाणी विसणाला घेतो.