मुलाच्या ताब्याचा अर्ज करताना या चुका टाळा

ताब्याचे अर्ज वाचताना मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. नवरा किती छळायचा, बायको कशी भांडायची, याची पानंच्या पानं भरलेली असतात. मूल कितवीत आहे, त्याला शाळेतून कोण आणतं, ताप आला की रात्री कोण जागतं, यावर ओळसुद्धा नसते. घटस्फोटाचा दावा तुमच्या भांडणाचा असेल, पण ताब्याचा अर्ज मुलाचा आहे. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट (पालक आणि पाल्य कायदा) असो की हिंदूंसाठीचा १९५६ चा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या पालकत्वाचा कायदा, न्यायालय आधी मुलाचं हित बघतं. नवरा म्हणून नालायक ठरलेला माणूस बाप म्हणून चांगला असू शकतो. बायकोच्या बाबतीतही तेच.

म्हणून नवीन अशील आलं की मी त्याला मुलाचा एक अख्खा दिवस स्वतःच्या हाताने लिहून आणायला सांगते. सकाळी कोण उठवतं, डब्यात काय असतं, वर्गशिक्षिकेचं नाव काय, कुठल्या औषधाने पुरळ उठतं. काहींचा कागद अर्ध्यावरच संपतो आणि मग ते मला म्हणतात, "मॅडम, हे सोडा, आधी तिच्यावर आरोप टाका." अशी घाई करणाऱ्यांना मी परत पाठवते. तो कागद पूर्ण झाल्याशिवाय मी अर्जाला हात लावत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मुलाला पढवणं. कायदा एवढंच म्हणतो की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. त्यासाठी ठरावीक वय नाही आणि मुलाने सांगितलं म्हणजे निकाल लागला असंही नाही. तरी लोक घरी तालीम घेतात. एका प्रकरणात मी आईच्या बाजूने होते. मुलगा तिसरीतला, वडिलांकडे राहत होता. न्यायाधीशांनी त्याला चेंबरमध्ये एकट्याला बोलावलं. तो म्हणाला, "आईने माझं मानसिक शोषण केलं." त्यांनी विचारलं, म्हणजे काय केलं रे? मुलगा गप्प. मग बराच वेळ शाळेच्या, क्रिकेटच्या गप्पा झाल्या आणि निघताना त्याने विचारलं, "मी बरोबर बोललो ना? बाबांना सांगाल?" ही दोन्ही वाक्यं न्यायाधीशांनी अंतरिम आदेशात जशीच्या तशी उतरवली. त्याच आदेशाने मुलाला आईकडे दर शनिवारी मुक्कामाची भेट मिळाली आणि समुपदेशकाला दोन्ही घरांचा अहवाल द्यायला सांगितलं गेलं. वडिलांच्या वकिलाला त्या दिवशी बोलायला जागाच उरली नाही. आम्ही जिंकलो, पण ते मूल बाहेर येऊन बाकावर बसलं तेव्हा दोघांपैकी कोणाकडेच बघत नव्हतं.

वरची न्यायालयंही हे ओळखतात. एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणं मुलासाठी किती घातक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात स्पष्ट लिहिलं आणि वडिलांजवळ वाढलेल्या मुलीचा ताबा आईला दिला. तेव्हा कोर्टात जाताना मुलाला एकच वाक्य सांगा: जे वाटतं ते बोल, आम्ही कोणी रागावणार नाही. आणि ते खरंच पाळा.

काही गैरसमज झटपट निकालात काढते. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं, पण पाचव्या वाढदिवसाला ते आपोआप वडिलांकडे जात नाही. आईला पगार नाही म्हणून ताबा नाही, असं होत नाही. खर्चासाठी पोटगीचा आदेश असतो. पोटगी थकली म्हणून भेट बंद करू नका आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवू नका. दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज आहेत. रातोरात मूल उचलून दुसऱ्या शहरात नेऊ नका. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्याच न्यायालयात अर्ज चालतो, आणि पळवून नेलेलं न्यायाधीशांच्या लक्षात राहतं. मुलाचे रडतानाचे व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं तर आजच थांबवा.

माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक परस्पर संमतीच्या घटस्फोटात होते. सगळ्यांना लवकर मोकळं व्हायचं असतं, म्हणून कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टात द्यायच्या लेखी अटींमध्ये, लिहितात: "वडील उभयतांच्या सोयीनुसार मुलास भेटतील." सोय जुळत असती तर घटस्फोट कशाला झाला असता? सहा महिन्यांत तीच माणसं पुन्हा तारखा घेत फिरतात. या कलमावर सही करायला मी माझ्या अशिलाला परवानगी देत नाही. मी टेबलावर कॅलेंडर ठेवते. कोणते शनिवार, किती वाजता, मूल कुठून घ्यायचं आणि कुठे सोडायचं. दिवाळीची सुट्टी कोणत्या तारखेला अर्धी होणार. मे महिना कोणाकडे किती. व्हिडिओ कॉल कोणत्या वारी. मूल आजारी पडलं तर हुकलेली भेट कधी भरून द्यायची. शाळेच्या पालकसभेला कोण जाणार, पासपोर्ट कोणाजवळ राहणार, परदेशी न्यायचं तर किती दिवस आधी लेखी कळवायचं. दोघंही कंटाळतात, चिडतात, पण मी दुसरं पान काढते.

आणि एवढं लिहूनही परिस्थिती बदलली, बदली झाली, मूल मोठं झालं, तर आदेश बदलून मिळतो. ताब्याचा आदेश कायमचा गोठलेला नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब खटल्यात १९७३ मध्येच सांगून ठेवलं आहे. त्यासाठी अर्ज करा. आदेश आवडला नाही म्हणून स्वतःच मोडलात, तर पुढच्या तारखेला तुमच्या बाजूने मांडायला माझ्याकडे काही उरणार नाही.