बाजरीतलं लोह अंगी लागावं म्हणून

माझं हिमोग्लोबिन ठीक होतं, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, अगदी खालच्या काठावर. डॉक्टर म्हणाल्या, आजार नाही, जेवणाकडे बघा. बाजरीची भाकरी, मटकी, पालेभाजी रोजच असायची. पण धान्य-कडधान्यांतलं फायटेट आणि चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतात, शोषू देत नाहीत. म्हणून जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकलला. मटकीला मोड आणू लागले. त्यात फायटेट घटतं. लिंबू मात्र ताटातच पिळायचं, शिजताना नाही, उष्णतेने त्यातलं लोह शोषायला मदत करणारं क जीवनसत्त्व कमी होतं. आणि भाकरीसोबत कांदा-लसूण हवाच! म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या संशोधकांना २०१० मध्ये प्रयोगशाळेत कांदा-लसणामुळे धान्यातलं लोह आणि जस्त जास्त उपलब्ध होताना दिसलं. पुढच्या तपासणीत फेरिटिन वाढलेलं निघालं, गोळी न घेता.