ओम्नी इलेक्ट्रिक करताय? या चुका टाळा

मारुतीची व्हॅन 1984 साली आली आणि 2019 मध्ये ओम्नी म्हणून बंद झाली. 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, तिथून शाफ्ट थेट मागच्या चाकांना, अंगाने हलकी. इलेक्ट्रिक करायला इतकी सुटसुटीत गाडी आपल्याकडे दुसरी नाही, म्हणून हौशी मंडळी हिलाच हात घालतात. चर्चा मात्र सगळी मोटर किती किलोवॉटची घ्यायची याचीच. मोटर सहसा दगा देत नाही. गाडी अडते ती कागदपत्रांत, जोडांत आणि ब्रेकमध्ये.

पहिली चूक पाना हातात घेण्याआधीच होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. रस्त्यावर चालवायची तर इलेक्ट्रिक कीट (मोटर, कंट्रोलर वगैरेंचा तयार संच) एआयएस 123 या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेने तपासून मंजूर केलेलं हवं, बसवणारा अधिकृत हवा आणि आरसीवर नोंद हवी. सुटी मोटर आणि कंट्रोलर मागवून घरी जोडलेली व्हॅन शेतात किंवा फार्महाउसच्या आवारात फिरवा, हायवेवर नाही. अपघात झाला तर विम्याचा क्लेम तिथेच अडकेल. रस्त्याचीच गाडी हवी असेल तर पत्रा, गंज, ब्रेक, सस्पेन्शन हे घरी करा आणि कीट अधिकृत माणसाकडून बसवून घ्या. नोंद होईपर्यंत इंजिन भंगारात घालू नका, त्याचा नंबर आरसीवर आहे.

आता यांत्रिक भाग. गिअरबॉक्स ठेवलात तर स्पीडोमीटरची केबल आणि रिव्हर्स फुकटात मिळतात. पण गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक ज्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतं ते इंजिनाच्या क्रँकमध्ये असतं. इंजिन गेलं की तो आधारही गेला. मोटर आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलरमध्ये त्या टोकाला नवी जागा केली नाही किंवा मोटर गिअरबॉक्सला बसवणारी अडॅप्टर प्लेट केसभर सरकली, तर ठरावीक वेगाला गुरगुर सुरू होते आणि लोक मोटरला शिव्या घालतात. आधी डायल गेज, म्हणजे केसभराचा फरक दाखवणारं मापक, लावून बघा.

सगळ्यात धोकादायक काटकसर म्हणजे घरातला एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) बॅटरीला लावणं. घरचा एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, एमसीबी आतून वितळतो. पॅकच्या व्होल्टेजचा डीसी फ्यूज घ्या आणि तो बॅटरीच्या शेजारीच बसवा. मेन स्विच टाकताच 'फट्' आवाज येत असेल तर प्रीचार्ज रेझिस्टर (सुरुवातीचा करंटचा झटका अडवणारा) नाही किंवा जळालाय. असंच चालू ठेवलं तर एक दिवस कॉन्टॅक्टर (पॅकची पॉवर जोडणारा-तोडणारा मोठा रिले) चिकटेल आणि चावी काढूनही पॉवर बंद होणार नाही.

जाड केबलचे लग (टोकाला बसवायच्या, बोल्टच्या भोकाच्या टोप्या) हातोडीने ठोकू नका. हायड्रॉलिक क्रिंपर भाड्याने आणा, एक नमुना लग दाबा आणि हॅकसॉने मधोमध कापा. आत तांबं एकसंध दिसलं पाहिजे. तारांमध्ये काळ्या फटी दिसल्या तर डाय, म्हणजे क्रिंपरचा साचा, चुकीचा आहे. चढ चढून आल्यावर प्रत्येक जोडावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. शेजाऱ्यापेक्षा जो जोड गरम, तो ढिला. बोल्ट आवळताना पान्याला टेप गुंडाळा आणि अंगठी काढून ठेवा. 24 एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा पॅक 76.8 व्होल्टचा होतो आणि त्याला 'बंद' अशी अवस्थाच नसते.

ई-रिक्षाच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या स्वस्त दिसतात. त्यांच्यावर लिहिलेले अँपिअर-तास सावकाश, दहा-वीस तासांत वापरले तरच मिळतात. व्हॅन त्या तासाभरात पिळून काढते, मग गणित जवळपास निम्म्यावर येतं.

280 अँपिअर-तासाचे 24 सेल म्हणजे सुमारे 130 किलो. ते सगळे डिकीत टाकले की पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंग तरंगतं. शक्य तेवढं वजन इंजिनाच्याच जागी ठेवा. चढावर गाडी अचानक मेली तर बहुधा एखाद्या कमजोर सेलमुळे बीएमएसने (सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटने) पुरवठा तोडलाय. सेल जोडण्याआधी सगळे एका पातळीला चार्ज केले नाहीत की हे होतं. उतारावर उलटी गंमत. पाचगणीत रात्रभर फुल चार्ज करून सकाळी पसरणी घाटाने वाईला निघालात, तर रीजेनची (ब्रेक लावताना मोटरच बनवते ती) वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते आणि मोटरचा ब्रेक ऐन वळणावर नाहीसा होतो. वरच्या गावी राहणाऱ्यांनी चार्जिंग नव्वद टक्क्यांच्या आत थांबवावं.

त्यातच ज्या व्हॅनला ब्रेक बूस्टर (पेडल हलकं करणारा) आहे, तिची व्हॅक्यूम इंजिनातूनच येत होती. इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप नसेल तर पेडल दगडासारखं होतं. अल्टरनेटरही गेलेला असतो, म्हणून दिवे-हॉर्नसाठी पॅकचं व्होल्टेज उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतोच. तो हेडलाइट, वायपर आणि हॉर्न एकदम चालू करून तपासा, तेही जुलैच्या पावसात.